उत्तर न सापडलेल्या मृत्यूची कादंबरी

वाचकाचे पत्र

माझे वय ३६ आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सासर आणि माहेर दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातच आहेत. माझी मोठी बहीण डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणींबरोबर सहलीला गेली आणि तिचे प्रेतच घरी आले. पाय घसरून पडली, असे सांगण्यात आले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि कागदोपत्री प्रकरण संपले. आमच्या घरात ते संपले नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात मजुरीला जाऊन ती फी भरत असे आणि फळ्यावर ओळ सरळ यावी म्हणून घराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने सराव करी. गेल्या दोन वर्षांपासून मी या विषयावर एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. खरे ठिकाण बदलून मी सहल चिखलदऱ्याला नेली आहे आणि काळ ऑगस्ट २००९ चा धरला आहे. पोलिसांकडून परत आलेल्या पिशवीत पंधरा वर्षांनी धाकट्या बहिणीला परतवाडा ते चिखलदरा असे एसटीचे तिकीट सापडते. मैत्रिणी मात्र आम्ही सगळ्या जीपने गेलो, असे सांगत आलेल्या असतात. तिथून शोध सुरू होतो. पहिली तीन प्रकरणे आणि शेवटाचे दोन खर्डे सोबत पाठवते. एका शेवटात आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांवर बेतलेला माणूस कड्यावर उभा राहून गुन्हा कबूल करतो. दुसऱ्यात काहीच कळत नाही. यांपैकी कोणता शेवट ठेवू? पोलीस तपास मी बरोबर लिहिला आहे का? आणि आईला हे लेखन कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. “मेल्या पोरीले आखीन कितीकदा मारशीन वं,” एवढेच म्हणते. मी थांबावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

थांबू नका. मात्र शेवटाचे दोन्ही खर्डे बाजूला ठेवा आणि त्या गृहस्थांना कड्यावरून खाली उतरवा. पहिल्या शेवटात वाचकाला उत्तर मिळते, पण ते त्याला पटत नाही. दुसरा शेवट प्रामाणिक आहे, पण त्यात वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही. ज्या मृत्यूचा उलगडा झाला नाही त्याची कादंबरी लिहिताना दोषी माणसाचे नाव शेवटपर्यंत न सांगण्याची मुभा लेखकाला असते; परंतु कोणाला काय ठाऊक होते, केव्हापासून ठाऊक होते आणि त्याने ते का दडवले, हा हिशेब मात्र लेखकाला चुकता करावाच लागतो. तो चुकता झाला, तर खुनी न सापडताही वाचक पुस्तक समाधानाने खाली ठेवतो. तो राहिला, तर कबुलीजबाबाची वीस पाने लिहूनही फसवले गेल्याची भावना त्याच्या मनातून जात नाही. तुमच्या हस्तलिखितात या हिशेबाचे सगळे आकडे आधीच मांडलेले आहेत. बेरीज तेवढी तुम्ही केलेली नाही.

कबुलीचा प्रसंग आधी निकालात काढू. धुके, कडा, पंधरा वर्षे गप्प बसलेला माणूस आणि समोर मृत मुलीची बहीण, एवढे जमले की तो माणूस आपोआप बोलू लागतो, ही सवय आपल्याला दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी लावली आहे. प्रत्यक्षात अशा कबुलीचे पुढे काय होते, याचा विचार तुमच्या नायिकेने करायला हवा होता, कारण ती शिकलेली आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही; हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. खासगी व्यक्तीसमोर दिलेली कबुली न्यायालयात मांडता येते, परंतु तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर न्यायालय तिच्यावर सहसा भिस्त ठेवत नाही. म्हणजे तुमच्या नायिकेच्या हाती त्या धुक्यातून जे लागते ते घेऊन ती कोणत्याही ठाण्यात गेली, तरी फार पुढे जाऊ शकणार नाही. त्यातच तो माणूस त्याच पानावर दरीत पडतो, त्यामुळे लेखकाने आपली सोय पाहिली हे वाचकाच्या तत्काळ लक्षात येते.

आता तिकिटाकडे येतो, कारण तीन प्रकरणांत मला सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट तीच आहे. एवढासा कागद चार साक्षीदारांच्या विरुद्ध उभा राहतो, ही कल्पना कसदार आहे. अडचण अशी आहे की तुम्ही वर्णन केलेले तिकीट अस्तित्वात असू शकत नाही. ते यंत्रातून निघालेले असेल तर त्यावर ‘परतवाडा’ आणि ‘चिखलदरा’ ही नावे छापलेली असतील हे खरे, पण तो कागद उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो आणि पिशवीत पंधरा वर्षे पडून राहिल्यावर त्यावर वाचण्यासारखे काही उरत नाही. ते जुन्या पद्धतीचे, वाहकाने चिमट्याने छिद्र पाडून दिलेले तिकीट असेल तर शाई टिकेल, परंतु त्यावर किंमत आणि क्रमांक असतो, गावांची नावे नसतात. माझे म्हणणे असे की दुसरा पर्याय घ्या, कारण त्यात तुमच्या नायिकेला डोके चालवावे लागते. एसटीचे भाडे टप्प्यांवर चालते आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. तेव्हा तिकिटाच्या किमतीवरून त्या काळच्या दराने किती टप्पे होतात आणि म्हणून बहीण किती लांब गेली, एवढे तिला काढता येईल. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट साधारण तीस किलोमीटरचा असल्यामुळे हिशेब जुळेलही, पण त्याच टप्प्यांत बसणारी दुसरी गावेही असतील. अशा अर्धवट पुराव्यावरच शोधाची कथा उभी राहते. तिकिटाच्या क्रमांकावरून वाहकाच्या वे-बिलापर्यंत, म्हणजे त्याच्या तिकिटांच्या नोंदपत्रापर्यंत, आणि वे-बिलावरून नेमक्या फेरीपर्यंत पोहोचता आले असते, परंतु ते त्याच आठवड्यात कोणी आगारात जाऊन विचारले असते तर. पंधरा वर्षांनी आगारातला बाबू तुमच्या नायिकेला काय सांगेल आणि कोणत्या स्वरात सांगेल, हे यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर एसटीने जाणे-येणे केलेल्या माणसाला मी सांगायला नको.

तारखांच्या बाबतीत तुमच्याकडून एक गोष्ट निसटली आहे आणि ती निसटल्याचा मला आनंद आहे, कारण तिच्यातून एक उत्तम प्रकरण निघू शकते. तुमच्या चार मैत्रिणी १५ ऑगस्ट २००९ रोजी, शनिवारी, सकाळी आठ वाजता चिखलदऱ्याच्या बसस्थानकासमोर चहा पीत आहेत. यवतमाळहून अमरावती आणि परतवाडा करत चिखलदऱ्याला पोहोचायला जीपला चार तास तरी लागणार, म्हणजे त्या पहाटे चारला निघाल्या. मग स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनाचे काय? डी.एड. कॉलेजात त्या सकाळी छात्राध्यापिकेने हजर नसणे म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः शिक्षिका असल्यामुळे माझ्यापेक्षा अधिक जाणता. कोणीतरी त्यांच्या नावापुढे हजेरी लावली असेल, किंवा अधीक्षिकाबाईंना आजारपणाची चिठ्ठी दिली असेल, किंवा चौघीही ध्वजवंदन करून दुपारनंतर निघाल्या असतील आणि जबाबात वेळ बदलून सांगितली असेल. यांपैकी काहीही ठरवा, पण हजेरीपत्रक आणि वसतिगृहाची ये-जा नोंदवही हे दोन कागद कादंबरीत आणा. चौदा तारखेच्या सायंकाळी बहिणीने त्या नोंदवहीत ‘गावी जात आहे’ असे लिहून सही केली आहे आणि ती गावी पोहोचलेलीच नाही, एवढे एक वाक्य तुमच्या तिकिटाला जाऊन भिडले की पहिला भाग तयार झाला.

त्याच वर्षाबद्दल आणखी थोडे. तुम्ही मुसळधार पाऊस, तुडुंब भरलेले भीमकुंड आणि निसरडा खडक यांचे तीन पाने वर्णन केले आहे. २००९ हे देशभर पावसाच्या मोठ्या तुटीचे वर्ष होते. मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी झाला. मेळघाटात, म्हणजे चिखलदऱ्याच्या परिसरात, त्या आठवड्यात किती पाऊस पडला हे तहसीलच्या पर्जन्य नोंदीत पाहून मगच लिहा. पाऊस नसेल, तर ‘पाय घसरून’ या दोन शब्दांवर तुमच्या नायिकेला प्रथमच शंका येण्याचे कारण मिळते. त्याच ऑगस्टच्या आरंभी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला होता आणि गावोगाव लोक गर्दीला बिचकत होते. सहलीला घरून परवानगी मिळणार नाही म्हणून मुली खोटे बोलल्या, यासाठी याहून सरळ कारण शोधायला नको. आणि २० ऑगस्टला पोळा होता. तुमच्या कादंबरीतल्या घरात सुतक आहे, गावात बैल सजवले जात आहेत आणि या घरची जोडी त्या दिवशी तोरणाखाली जात नाही. धाकटी बहीण गोठ्याच्या दारात उभी राहून शेजारच्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकते, हा प्रसंग तुम्ही लिहिलेला नाही. तो लिहा. तिसऱ्या प्रकरणात प्रेत घरी येताना तुम्ही जे लांबलचक रडणे घातले आहे, त्याची मग गरज उरणार नाही.

तपासाविषयी तुम्ही विचारले आहे. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात पोलीस ‘केस कोर्टात बंद झाली’ असे सांगतात, ते चुकीचे आहे आणि ही चूक दुरुस्त केल्याने कादंबरी अधिक धारदार होईल. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की २००९ च्या काळात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चौकशी होत असे. ठाण्याचा अधिकारी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवतो, त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावून प्रेताचा पंचनामा करतो, शवविच्छेदन होते, आणि संशयास्पद काही आढळले नाही तर अहवाल जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. तेथे तो मान्य झाला की काम संपले. यात न्यायाधीशासमोर सुनावणी होत नाही, कोणी वकील उभा राहत नाही आणि कुटुंबाला निकाल म्हणून काही हाती मिळत नाही. याउलट गुन्हा नोंदवला गेला असता आणि आरोपी सापडला नसता, तर महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे ‘अ’ समरी मागितली गेली असती, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा झाला नाही, असे सांगून तपास बंद करण्याचा अहवाल. आणि तो अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलेले आहे. तुमच्या नायिकेच्या वडिलांना हा फरक ठाऊक नव्हता. पंधरा वर्षे ते ‘कोर्टाचा कागद येईल’ म्हणून पोस्टमनची वाट पाहत राहिले, असे दाखवले तर वाचकाला कायद्याचे व्याख्यान न देताच सगळे कळेल. कादंबरीचा वर्तमानकाळ १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे तिथले पोलीस कलम १७४ ऐवजी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ म्हणतील. मात्र २००९ मधल्या कृत्याबद्दल खुनाचा गुन्हा दाखल झालाच, तर तो जुन्या दंड संहितेच्या कलम ३०२ खालीच दाखल होईल. खुनाला मुदतीची मर्यादा नाही, त्यामुळे ‘आता खूप उशीर झाला’ हे वाक्य तुमच्या ठाणेदाराच्या तोंडी शोभते, पण ते कायद्याचे वाक्य नाही आणि नायिकेने ते त्याला सांगायला हवे.

चारही मैत्रिणींचे जबाब शब्दाशब्दाने सारखे आहेत, हा तुमच्या नायिकेला सापडलेला सर्वांत मोठा संशय. “आम्ही सर्व जणी फोटो काढत असताना मयत ही एकटीच पुढे गेली व तिचा तोल गेला असावा” हे वाक्य चार वेळा, एकाच हस्ताक्षरात, शेवटी ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ या शेऱ्यासह येते, आणि नायिका त्यावरून चौघींनी कट केला असा निष्कर्ष काढते. ज्याने ठाण्यात बसून कधी एखादा जबाब दिला आहे तो वाचक इथे हसेल. जबाब हवालदार लिहितो, स्वतःच्या भाषेत लिहितो आणि चौथ्या मुलीपर्यंत त्याचा हात आणि तोंड दोन्ही थकलेले असते. सारखेपणा त्याचा आहे, मुलींचा नव्हे. म्हणून कटाचा पुरावा म्हणून तो टिकत नाही. पण पुढे लक्ष द्या: चारपैकी तिसऱ्या जबाबात तुम्ही, बहुधा नकळत, एक निराळे वाक्य ठेवले आहे. ती मुलगी म्हणते, “आम्हाला वाटले ती रूमवर गेली असेल.” एवढे एकच वाक्य हवालदाराचे नाही. ते मुलीचे आहे, कारण ते त्याच्या गोष्टीत बसत नाही. तिचा तोल गेला असावा असे वाटले, तर रूमवर गेल्यासारखे कसे वाटेल? नायिकेने चार जबाबांतला सारखेपणा सोडून या एका न बसणाऱ्या वाक्यामागे लागावे.

काही गोष्टी केवळ काढून टाका. नायिकेचा पोलिसातला आतेभाऊ पंधरा वर्षांपूर्वीचे कॉलचे तपशील काढून देतो, हे होणार नाही. कंपन्यांना असे तपशील तेव्हा एक वर्ष जपावे लागत आणि २०२१ च्या डिसेंबरपासून दोन वर्षे जपावे लागतात. डॉक्टर शवविच्छेदनानंतर ‘हिला ढकलले आहे’ असे सांगतात, तेही काढा. उंचावरून पडल्याच्या जखमांवरून मृत्यूचे कारण सांगता येते. ती घसरली, तिने उडी घेतली की तिला कोणी लोटले, हे बहुतेक वेळा केवळ जखमांवरून सांगता येत नाही, आणि तुमच्या संपूर्ण कादंबरीचा पाया या न सांगता येण्यावरच आहे.

जागा तुम्ही बदलली, ते योग्यच केले. मात्र चिखलदरा हे विदर्भातल्या वाचकाने पाहिलेले ठिकाण आहे आणि त्याला फसवता येत नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ही तिथली कथा तुम्ही दोनदा वापरली आहे. एकदाही नसती तरी चालले असते, कारण स्त्रीच्या अपमानाची शिक्षा तिथे पुराणातच होऊन गेल्यामुळे वाचक आपसूक एका खलपुरुषाची वाट पाहू लागतो आणि तुम्हाला तसा पुरुष नको आहे. तिथल्या गाविलगड किल्ल्याचा इतिहासही कमी करा. तो मार्गदर्शकाच्या तोंडी दोन ओळींत यावा. त्याऐवजी तिथल्या कोरकू आदिवासी बाईला जागा द्या. तुमच्या कथेत मक्याची कणसे भाजून विकणारी जी बाई आहे तिने त्या सायंकाळी मुलीला पाहिले होते आणि तिला कोणीही काही विचारले नाही. पंचनाम्याला लागणारे ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणून लॉजचा मालक आणि दुकानदार बोलावले गेले. कणसेवाली बाई दहा पावलांवर होती. इथे तिला उगाच गूढ करू नका, जंगलातली सर्वज्ञ म्हातारी करून तर मुळीच ठेवू नका. तिला त्या दिवशी किती कणसे विकली गेली हे आठवते, मुलीने पैसे दिले आणि कणीस न घेता निघून गेली हे आठवते, आणि तेवढेच आठवते.

यातून तिसरा शेवट दिसू लागतो. तो तुमच्यावर लादण्याचा माझा हेतू नाही, पण तुमच्याच पानांतून तो वर येतो म्हणून सांगतो. मोठी बहीण एक दिवस आधी एकटी एसटीने गेली, कशासाठी गेली ते तुम्ही ठरवा. नोकरीच्या चौकशीसाठी, कोणाचे उसने पैसे परत करण्यासाठी, किंवा आयुष्यात एक दिवस कोणाला न सांगता कुठे तरी जाऊन यावे एवढ्यासाठीही. मैत्रिणी दुसऱ्या दिवशी पोहोचल्या, तिची भेट झाली, सायंकाळी ती दिसेनाशी झाली. चौघी खोटे बोलून आल्या होत्या. पोलिसांना कळवले तर वसतिगृहाला कळणार, वसतिगृहाला कळले तर घरी कळणार आणि घरी कळले तर शिक्षण बंद होऊन सोयाबीन सोंगायला जावे लागणार, या भीतीने त्या रात्रभर ‘रूमवर गेली असेल’ म्हणत बसल्या. शोध सकाळी सुरू झाला. ती केव्हा पडली, रात्री जिवंत होती का, हे कोणालाच कधी कळणार नाही. पण चौघींना काय ठाऊक होते आणि त्या पंधरा वर्षे का बोलल्या नाहीत, हे कळले. त्यांपैकी एक आता तुमच्यासारखीच शिक्षिका असेल, आणि नायिका तिच्यासमोर बसून हे ऐकेल, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. तिला रागवावे की तिच्यासाठी वाईट वाटून घ्यावे हे नायिकेला कळणार नाही, आणि वाचकालाही कळू नये.

नात्यातल्या गृहस्थांविषयी मात्र स्पष्ट बोलतो. तुमच्या मनातला संशय खरा असेल किंवा नसेल. पण कादंबरी ही तो तपासण्याची जागा नव्हे. नाव बदलले तरी एक डोळा अधू, दोनदा पंचायत समितीचे सदस्य आणि बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत पुढाकार, एवढे वर्णन तुमच्या पंचक्रोशीत कोणीही ओळखेल. अशा ओळखण्याजोग्या चित्रणातून बदनामीचा दावा उभा राहू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मृत व्यक्तीचीही तरतूद आहे: ती जिवंत असती तर जिच्यामुळे तिची अप्रतिष्ठा झाली असती आणि जी तिच्या जवळच्या नातलगांची मने दुखावण्यासाठी केलेली आहे, अशी मजकूरबाजीही बदनामी ठरू शकते. तुमचा हेतू तसा नाही, हे मी जाणतो. पण तुमच्या आईने, कायद्याचे पुस्तक न उघडता, नेमकी तीच भीती बोलून दाखवली आहे.

आईच्या त्या वाक्याचा अर्थ तुम्ही ‘लिहू नकोस’ असा घेतलात. मला तो निराळा वाटतो. आपल्या खेड्यांत वीस-एकवीस वर्षांची मुलगी घराबाहेर मेली की उलगडा व्हायला आठवडाही लागत नाही. पानटपरीवर, पाणवठ्यावर आणि तेरवीच्या पंगतीत तो झालेला असतो. ‘काहीतरी असेल’ एवढेच बोलले जाते आणि त्यात सगळे येते. तुमच्या आईने ते सोळा वर्षे ऐकले आहे. आता तिची धाकटी लेक त्याच ‘काहीतरी’ला अडीचशे पानांचे करत आहे, असे तिला वाटत असणार, आणि पहिल्या शेवटातला प्रेमप्रकरणाचा धागा पाहता तिचे अगदीच चुकते असे मला म्हणता येत नाही. तो धागा काढा. मृत्यूच्या आधीची बहीण तुमच्या पानांत फारच थोडी आहे; ती हसरी होती आणि हुशार होती, एवढेच आपल्याला कळते. ती पऱ्हाटीच्या वावरात मजुरीला जाऊन फी भरत असे, तिला फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नसे म्हणून ती घराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने सराव करी, हे तुम्ही पत्रात सहज लिहिले आहे, हस्तलिखितात नाही. ते तिथे जायला हवे. मग ते प्रकरण आईला वाचून दाखवा. परवानगी मागू नका, मत विचारू नका. ‘यात काय चुकलं सांग’ एवढे विचारा. ती चुका सांगू लागेल. कोणती भाजी तिला आवडत नसे, शाळेत जाताना ती कोणत्या धुऱ्यावरून जाई, असले काही. त्यातले एकही वाक्य वाया जाऊ देऊ नका. आणि वाचून झाल्यावरही आई नको म्हणाली, तर लिहून पूर्ण करा आणि छापायला थांबा. छापण्याची घाई तुम्हाला आहे, पुस्तकाला नाही.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगतो. तुमच्या बहिणीच्या खऱ्या मृत्यूबद्दल तुम्हाला खरोखर शंका असेल, तर तिचा मार्ग निराळा आहे. १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अकस्मात मृत्यूच्या नोंदीची, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागता येते; उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. जुने कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात, त्यामुळे अर्ज उद्या करण्यापेक्षा आज करा. पुढे वकिलाची गरज वाटली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळू शकते. कागद हाती आले आणि त्यांत काही आढळले, तर कादंबरी तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच वहीत करू नका, कारण मग कादंबरीत पुरावा शिरतो आणि अर्जात कल्पना.

भाषेबद्दल थोडे. तुमच्या गावातली माणसे संवादात ‘अगं, काय झालं तुला?’ असे बोलतात, ते यवतमाळकडचे वाटत नाही. पत्रात आईचे एक वाक्य तुम्ही जसेच्या तसे दिलेत आणि ते माझ्या डोक्यातून गेले नाही. कादंबरीतल्या आईलाही तसेच बोलू द्या. निवेदन प्रमाण मराठीत आहे ते ठीक आहे, नायिका शिक्षिका आहे. जबाबांची भाषा मात्र पोलिसी कागदाचीच ठेवा, ‘मयत’, ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’ यांसह.

पुढची प्रकरणे पाठवाल तेव्हा तिकिटाची किंमत ठरवून पाठवा, आणि तिसऱ्या प्रकरणात बहीण स्वप्नात येऊन नायिकेला तिकिटाकडे बोट दाखवते ते स्वप्न काढून टाका. पिशवी तिने स्वतः उघडावी.